आर्सेनो यास एकदाचे अपात्र ठरविणेबाबत

प्रति,
मा. पात्रता अधिकारी,
डेल्टा महाविद्यालयीन क्रीडा महामंडळ,
बॅटन रूज, लुइझियाना.

अर्जदार : एल्फेज आल्सिड आर्सेनो, विद्यार्थी (नाइलाजाने), पोर्ट मार्सो राज्य विद्यापीठ, फुटबॉल संघ, जर्सी क्र. ५९.

विषय : अर्जदारास महाविद्यालयीन फुटबॉल खेळण्यास अपात्र ठरवून, येत्या शनिवारच्या सामन्यापूर्वी तसे लेखी कळविणेबाबत.

संदर्भ : मा. जिल्हा न्यायालय, पोर्ट मार्सो यांचा 'आर्सेनो विरुद्ध महामंडळ' या प्रकरणातील तात्पुरता मनाई हुकूम, जो दोनदा मुदतवाढ मिळून अद्याप तात्पुरताच आहे.

महोदया, किंवा हा अर्ज पोहोचेपर्यंत त्या खुर्चीवर जे कोणी बसलेले असतील ते महोदय,

मायन्यात अशी धरसोड करण्यात अनादराचा हेतू नाही. अर्जदाराच्या विद्यार्थिदशेत आपल्या खुर्चीवरील तीन अधिकारी बदलले. पैकी दुसऱ्यांच्या निवृत्तीचा केक, सुनावणीसाठी आलेल्या अर्जदारानेच कापून वाटला. कारण कार्यालयात त्यांना सर्वांत जास्त काळ ओळखणारा तोच निघाला. अधिकारी येतात आणि जातात. अर्जदार जात नाही. तक्रार एवढीच असून ती सविस्तर सादर करीत आहे.

१. महामंडळाच्या नियमानुसार विद्यार्थ्याने पाच वर्षांच्या आत चार हंगाम खेळावेत आणि मग गुमान आपल्या वाटेला लागावे. अर्जदाराचे हे आठवे वर्ष आहे. पहिली दोन वर्षे तो शाळेनंतरच्या, दोन वर्षांच्या एका लहानशा कनिष्ठ महाविद्यालयात खेळला, पुढची सगळी पोर्ट मार्सोत. संघात नव्याने आलेली मुले त्याला 'काका' म्हणतात. "काका, तुमच्या वेळीपण चेंडू असाच लांबुडका होता का हो?" असे सरावाच्या वेळी विचारतात. त्यांतल्या एकाचा थोरला भाऊ अर्जदारासोबत खेळून गेला, त्याने लग्न केले, दोन मुले झाली, टक्कलही पडले. अर्जदार अजून हॉस्टेलात आहे आणि त्याच्या खोलीचे दार रात्री बाहेरून तपासले जाते.

२. अर्जदार संघात लाँग स्नॅपर आहे. म्हणजे ओणवे व्हायचे, चेंडू दोन पायांमधून मागे फेकायचा, मागच्याने तो झेलून लाथ मारायची, आणि अर्जदाराने उठून कडेच्या बाकावर परत जाऊन बसायचे. हे काम चोख झाले तर अर्जदाराचे नाव कोणीही घेत नाही. पोर्ट मार्सोच्या मैदानावर सामना चालू असताना त्याचे नाव आजवर एकदाच कर्ण्यावरून पुकारले गेले, आणि ते त्याच्या गाडीचे दिवे चालू राहिले होते म्हणून.

३. अशा माणसाच्या नावाने एवढा मोठा खटला कसा उभा राहिला, हा प्रश्न आपणांस पडला असेल. अर्जदारासही पडतो. त्याचे पाचवे वर्ष संपत आले तेव्हा संघातील आणखी चौघांची मुदतही त्याच वेळी संपत होती. त्या चौघांत क्वार्टरबॅक, म्हणजे चाल ठरवून चेंडू फेकणारे, कॅड्रिक झेनो हे होते, ज्यांच्या नावाच्या टोप्या घालून अर्धे गाव फिरते. पाचही जण आधी कनिष्ठ महाविद्यालयात खेळलेले. ती वर्षे हिशेबात धरू नयेत, असा दावा लावायचे ठरले. दाव्यासाठी वादी हवा. झेनो यांना पुढे करता येईना, कारण व्यावसायिक क्लबांना पळणारा पोरगा हवा असतो, कोर्टाची पायरी चढणारा नको. तेव्हा विद्यापीठाचे जुने विद्यार्थी ॲड. सिल्वेस्टर फाँतनो मुख्य प्रशिक्षकांना म्हणाले, "मला असा पोरगा दाखवा, ज्याच्याबद्दल वाईट बोलावं असं काही नाही." प्रशिक्षक म्हणाले, "चांगलं बोलावं असंही काही नाही, असा एक आहे. चालेल?"

अर्जदार तयार झाला, हे तो नाकारीत नाही. त्यालाही आणखी एक हंगाम हवा होता. एकच.

४. न्यायालयाने हुकूम दिला की दावा जिवंत आहे आणि वादी आर्सेनो संघात आहे तोपर्यंत तो व 'त्याच्यासारख्याच स्थितीतील' त्याचे साथीदार खेळू शकतील. आणि वादीने हंगामातील शेवटचा सामना खेळल्यास हुकूम पुढील हंगामासही आपोआप लागू राहील. अंतिम सुनावणी मात्र होता होईना. पहिल्या न्यायाधीशांची मैदानात राखीव खुर्ची निघाली म्हणून महामंडळाने हरकत घेतली. दुसरे विद्यार्थी असताना संघाच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवीत असत. तिसऱ्यांना फुटबॉलचे वावडे होते, त्यामुळे सर्वांना हायसे वाटले. परंतु आपल्याला या खेळातले ओ की ठो कळत नाही, असे प्रामाणिकपणे नमूद करून त्यांनी जाणकाराचे मत मागविले, आणि जाणकार म्हणून राखीव खुर्चीवाल्या पहिल्या न्यायाधीशांचे नाव सुचविले. प्रकरण सध्या पुन्हा त्या पहिल्या न्यायाधीशांकडेच आहे.

५. संघात राहायचे तर विद्यार्थी राहावे लागते, आणि विद्यार्थी राहायचे तर पूर्वी न केलेला एखादा विषय घ्यावा लागतो. अर्जदाराकडे गणिताची पदवी आहे, अध्यापनाची आहे, शालेय क्रीडाप्रशिक्षकाचा परवानाही आहे. त्यानंतर त्याने कुक्कुटपालन केले, मातीची भांडी केली, बॉलरूम नृत्य भाग एक केला, आणि जोडीदारीण पदवी घेऊन निघून गेल्यामुळे भाग दोन एकट्याने केला. या सत्रात त्याच्या वेळापत्रकात बसेल असा एकच विषय उरला होता : प्राथमिक गणित. हा विषय सहायक अध्यापक म्हणून अर्जदार स्वतःच शिकवितो.

हजेरी घेताना अर्जदार स्वतःचे नाव पुकारतो आणि "हजर" म्हणतो. सुरुवातीस त्याने हे मनातल्या मनात केले, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीने तक्रार केली, की सरांना एक न्याय आणि आम्हाला एक. सहामाही परीक्षेत अर्जदाराने कोरा पेपर दिला, तो स्वतः तपासला आणि स्वतःस नापास केले. नापास विद्यार्थ्यास खेळता येत नाही, हा त्यामागील सरळ हेतू होता. परंतु विद्यापीठाने विद्यार्थ्याच्या वतीने अपील केले. चौकशी समितीने असा निष्कर्ष काढला की सदर अध्यापकाच्या मनात सदर विद्यार्थ्याबद्दल आकस आहे. अर्जदारास उत्तीर्ण करण्यात आले व अर्जदाराने अर्जदाराची लेखी माफी मागावी असे ठरले. माफीपत्र सोबत जोडले आहे. ते अद्याप स्वीकारण्यात आलेले नाही.

६. आता मुख्य मुद्दा. लाक रोंद हे अर्जदाराचे गाव. भातखाचरांत पाणी भरून क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, धरणारे, आणि शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जमणारे. तेथील हायस्कूलच्या संघाचे प्रशिक्षक मिस्टर ग्रेमियाँ यांनीच अर्जदारास ओणवे व्हायला शिकविले. आता ते वॉकर घेऊन मैदानाच्या कडेला उभे राहतात. पाऊस झाला की वॉकरचे पाय चिखलात रुततात आणि सामना थांबवून त्यांना उपटून काढावे लागते. दरवर्षी ते "एवढंच वर्ष" म्हणून थांबले आहेत, कारण त्यांच्या जागेवर अर्जदाराची नेमणूक ठरलेली आहे. मागच्या रविवारी प्रार्थनेनंतर त्यांनी अर्जदाराच्या दंडाला धरले आणि म्हणाले, "एल्फेज, मी इथं तुझी जागा धरून बसलोय. पण तिकडं वर माझी जागा धरून बसलेत, आणि त्यांचा फोन येतोय."

येत्या सोमवारी शाळा मंडळाची बैठक आहे. परवानाधारक प्रशिक्षक हजर झाला नाही तर संघ बंद करून मुलांना बसने शेजारच्या ग्राँ शेन गावच्या शाळेत खेळायला पाठवायचे, असा ठराव मंडळापुढे आहे. ग्राँ शेनच्या लोकांबद्दल अर्जदाराच्या मनात काही वाईट नाही. लाक रोंदमध्ये असे म्हणणारा तो पहिलाच असावा. पण ज्या पोरांचे आजे ग्राँ शेनकडून एका पेनल्टीवर हरले आणि मरेपर्यंत त्याच पंचाबद्दल बोलत राहिले, ती पोरे ग्राँ शेनची जर्सी घालणार नाहीत. ती खेळ सोडतील. अर्जदाराला पोटतिडकीने एवढेच सांगायचे आहे.

सर्व कागद तयार आहेत. अडचण एकच : महाविद्यालयात खेळण्यास पात्र असलेल्या व्यक्तीस शाळेच्या संघाचे प्रशिक्षक होता येत नाही. तो आपल्याच कॉलेजासाठी पोरे फोडील, असे नियम धरून चालतो. अर्जदार लाँग स्नॅपर आहे. त्याच्या शब्दावर आजवर साधे कुत्रेही इकडचे तिकडे गेलेले नाही. तथापि नियम तो नियम.

७. मग अर्जदार स्वतःहून का निघून जात नाही, असे आपण विचाराल. तो गेला की वादी गेला, वादी गेला की भांडण मिटले, भांडण मिटले की हुकूम गळून पडला, आणि झेनो व इतर तिघे शनिवारच्या सामन्याआधीच बाहेर. शिवाय या हुकुमावर जिंकलेले तीन हंगामांतले सारे विजय पुसले जाण्याची भीती. झेनो यांचा आधी गुडघा गेला, मग खांदा. क्लबवाल्यांनी त्यांना अजून धडधाकट असे पाहिलेलेच नाही. शनिवारी ते पाहायला येणार आहेत. अर्जदाराची अवस्था धरले तर चावते, सोडले तर पळते अशी झाली आहे. ॲड. फाँतनो यांना विचारले असता ते म्हणाले, "तू फक्त श्वास घे आणि यादीत राहा. बाकी मी बघतो." हे ते तीन वर्षे बघत आहेत.

झेनो यांच्याशी बोलून मार्ग काढावा, असेही मनात आले होते. परंतु झेनो यांना अर्जदाराचे नाव ठाऊक नाही. ते त्याला 'स्नॅप' म्हणतात. ज्याला आपले नाव ठाऊक नाही त्याला, माझ्या नावावर उभे आहात, जरा उतरा, असे कसे म्हणावे, हे अर्जदाराला अजून सुचलेले नाही.

८. आता उपाय. आपण स्वतः अर्जदारास काढून टाकल्यास ॲड. फाँतनो अपील करणार, यात शंका नाही. ते अपील केल्याशिवाय हॉटेलचे बिलसुद्धा देत नाहीत. आपण त्याच वेळी, अपील चालेल तोपर्यंत चौघांना खेळू द्यावे आणि अर्जदारास मात्र बाकावरही बसू देऊ नये, अशी एक ओळ हुकुमात घातली, की चौघांचा हंगाम पार पडतो, आणि अर्जदाराच्या हाती आपले पत्र येते, ते घेऊन तो सोमवारी मंडळापुढे उभा राहू शकतो. अर्जदार स्वतः गेला तर हे होत नाही. त्याला कोणीतरी हाकलले पाहिजे. तो अधिकार फक्त आपणांस आहे.

९. एक घरगुती बाब सांगून अर्ज पुरा करतो, कारण शनिवारचा सामना साधा सामना नाही, हंगामातला शेवटचा आणि निरोपाचा आहे. हंगामातील घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याआधी, शेवटच्या वर्षाची मुले आईवडिलांचा हात धरून मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जातात. आईला पिवळ्या शेवंतीचे फूल मिळते, मुलाला त्याची जर्सी चौकटीत घालून मिळते. फाटकापाशी जुन्या फेरीबोटीची पितळी घंटा टांगलेली आहे. तिची दोरी एकदा ओढायची. घंटा वाजली की मुलगा कॉलेजचा राहिला नाही, घरचा झाला, आणि घरचे त्याला जेवायला घेऊन जातात.

अर्जदाराने ही घंटा तीनदा वाजविलेली आहे. पहिल्या वेळी आई एवढी रडली की शेजारच्या बाईंनी तिला स्वतःचा स्कार्फ दिला. दुसऱ्या वेळी ती रीतीपुरती रडली. तिसऱ्या वेळी तिने निवेदकाला आडनावाचा उच्चार नीट करायला सांगितले आणि फूल घेताना, याचं रोप मिळेल का, असे विचारले. पहिली जर्सी बैठकीच्या खोलीत आहे, दुसरी न्हाणीघरात, तिसरीच्या चौकटीने कोंबड्यांच्या खुराड्याचे भोक बुजविले आहे. अर्जदाराचे वडील आल्सिड आर्सेनो हे तिसऱ्या वेळी "गाडी लावून येतो" म्हणून गेले आणि गाडीतच बसून राहिले. यंदा बोलावले तर म्हणाले, "घंटा वाजली की माणूस घरी येतो, पोरा. तू वाजवतोस आणि परत हॉस्टेलला जातोस. आमचा पाद्रीसुद्धा एवढ्यांदा वाजवत नाही, आणि त्याला पगार आहे. खरोखर संपेल त्या दिवशी बोलव. तोवर मला खाचरांत पाणी भरायचंय."

वडिलांनी मुलाच्या निरोपाला यावे, आणि तो खरोखर निरोप असावा, यासाठी महामंडळाच्या नियमावलीत तरतूद नाही याची अर्जदारास जाणीव आहे.

सबब विनंती की शुक्रवारी आपले कार्यालय बंद होण्यापूर्वी अर्जदारास अपात्र ठरवावे. कारण कोणतेही चालेल.

आपल्या हुकुमाची वाट पाहणारा,
एल्फेज आल्सिड आर्सेनो
पोर्ट मार्सो, बुधवार.

सोबत : (१) अर्जदाराने अर्जदारास लिहिलेले माफीपत्र. (२) तीन निरोपांचे फोटो. तारखा टाकायच्या राहिल्या आहेत. आईच्या चेहऱ्यावरून क्रम लावावा. (३) मिस्टर ग्रेमियाँ यांचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र, ज्यावर डॉक्टरांनी स्वतःहून 'आता पुरे' असे लिहिले आहे.

पुरवणी अर्ज

महोदया / महोदय,

वरील अर्ज आपल्या कार्यालयात दाखल होऊन त्यावर शिक्का पडल्याचे कळले. शुक्रवारी उत्तर आले नाही. त्यानंतर घडलेल्या गोष्टींमुळे अर्जदार ही पुरवणी तातडीने सादर करीत आहे. कृपया शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मूळ अर्जावर सही करू नये.

१०. शुक्रवारी सरावानंतर अर्जदार कपडे बदलायच्या खोलीत, आपल्याकडून काही निरोप आला का हे पाहत, अर्जाची प्रत मांडीवर घेऊन बसला होता. शेजारी झेनो यांच्या घोट्याला पट्टी बांधणे चालू होते. ते म्हणाले, "काय रे स्नॅप, मृत्युपत्र का?" आणि त्यांनी प्रत हातातून काढून घेतली. ती त्यांनी सगळी वाचली. मधे दोनदा हसले, ते प्राथमिक गणिताच्या ठिकाणी असावे. सातव्या परिच्छेदानंतर हसले नाहीत. पट्टी बांधणाऱ्याला त्यांनी बाहेर पाठविले. पुढील बोलणे जसे झाले तसे नमूद करीत आहे.

"तुझं पहिलं नाव एल्फेज आहे?"

"हो."

"बरं झालं, आडनावानं खटला लावला." मग त्यांनी कागद गुडघ्यावर सरळ केला. "मला कुणी सांगितलंच नाही की आपण तुझ्यावर उभे आहोत. फाँतनो म्हणाला, एक वादी आहे, त्याला मजा येते."

अर्जदाराने सांगितले की सुरुवातीस येत होती.

"वादी बदलता येतो का?"

अर्जदाराने सांगितले की बदलता येतो. तशाच स्थितीतला दुसरा कोणी स्वतःच्या नावाने उभा राहिला आणि पहिला स्वखुशीने गेला, तर दावा जिवंत राहतो. पण मग क्लबवाले नाव वाचतील, हेही सांगितले. अर्जदाराला त्यांना गोत्यात आणायचे नव्हते, आणि आत्ताही नाही.

झेनो म्हणाले, "उद्या ते माझा खांदा बघायला येतायत. मी खांदा दाखवीन. नाव वाचायचं तर वाचू देत, निदान माझं तरी सोपं आहे." आणि दारापाशी वळून म्हणाले, "आणि ए, एल्फेज. काका म्हणतात तुला. मी तुझ्याहून चार महिन्यांनी मोठा आहे. हे कुणाला सांगू नकोस."

११. यावर ॲड. फाँतनो यांचे म्हणणे असे पडले, की न्यायालय सोमवारी उघडेल, तोवर काही करता येणार नाही. परंतु शनिवारी अर्जदार मैदानात उतरला असता तर हुकूम पुढच्या हंगामाला लागू झाला असता आणि अर्जदार नवव्या वर्षात. झेनो त्यांना म्हणाले, "वकीलसाहेब, जज कुठं असतो शनिवारी?" हे सर्वांनाच ठाऊक होते. सामन्याच्या दिवशी सकाळी न्यायाधीशमहोदय मैदानाबाहेरच्या गाडीतळावर, राखीव खुर्चीवर जाण्याआधी, मेव्हण्याच्या ट्रकमागे गंबोचा दाट रस्सा ढवळीत असतात. तेथे वादी बदलण्याचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. त्यांनी तो पातेल्याच्या झाकणावर ठेवून नीट वाचला. अर्जदारास ते म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं माझ्यासमोर आर्सेनो आर्सेनो चालू होतं, तो तू? मला वाटायचं तो आर्सेनो उंच असेल." आणि सही केली. महामंडळाच्या वकीलबाई दोन गाड्या पलीकडे सॉसेज भाजत होत्या. त्यांना झाकणासकट कागद दाखविण्यात आला. हरकत नाही असे त्यांनी लेखी दिले व आणखी सॉसेज घ्या असे तोंडी सांगितले. मूळ हुकुमावर उजव्या कोपऱ्यात डाग आहे. तो गंबोचा आहे, खाडाखोड नव्हे.

तेथून अर्जदार धावत कुलसचिवांच्या घरी गेला. तेही गाडीतळावरच होते. पुन्हा धावत आला. त्यांनी टोपी उलटी करून तिच्यावर कागद ठेवला आणि अर्जदाराचे नाव विद्यापीठातून कमी केले.

१२. निरोपाच्या वेळी अर्जदार जर्सीऐवजी आईने गाडीतून आणलेला कोट घालून उभा राहिला. वडील आलेले नव्हते. आईला विचारले तर ती म्हणाली, "निरोप पाठवलाय. पण निरोप तूच तीनदा पाठवलेला आहेस, ते कसा विश्वास ठेवतील?" नावे पुकारली जाऊ लागली. आडनावांच्या क्रमाने आर्सेनो पहिलाच येतो. आई आणि तो दोघेच चालत गेले. आईने शेवंतीचे फूल घेतले व काही विचारले नाही.

फाटकापाशी परत आले तर घंटेजवळ अर्जदाराचे वडील उभे होते, गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत, चिखलासकट. फाटकावरचा पहारेकरी त्यांच्याकडे तिकीट मागत होता. वडील त्याला म्हणत होते, "तिकीट कशाला, मला सामना नाही बघायचा, घंटा ऐकायचीय." अर्जदार दिसल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "खरी का रे ही?"

अर्जदाराने कोटाच्या खिशातून टोपीवर सही झालेला कागद काढून दाखविला. वडील चष्मा घरी विसरले होते. त्यांनी तो कागद आईला वाचायला दिला, आणि आईने वाचला तेव्हा ती पुन्हा पहिल्या वेळेसारखी रडली. शेजारच्या बाई त्याच होत्या. स्कार्फही तोच.

अर्जदाराने घंटा वाजविली.

१३. सामना अर्जदाराने पाहिला नाही, तो गाडीतळावर जेवत होता. परंतु पहिल्याच वेळी त्याच्या जागी उभ्या केलेल्या नव्या मुलाने फेकलेला चेंडू लाथ मारणाऱ्याच्या डोक्यावरून गेला, तेव्हा मैदानातून मोठा गलका आला आणि कर्ण्यावरचा निवेदक न राहवून म्हणाला, "अहो, तो आर्सेनो कुठाय?" अशा रीतीने सामना चालू असताना अर्जदाराचे नाव दुसऱ्यांदा पुकारले गेले. उच्चार बरोबर होता. वडिलांनी ताटातून मान वर न करता सांगितले, "घरी."

संघ जिंकला. झेनो यांचा खांदा शाबूत आहे. क्लबवाल्यांचे काय ते कळायचे आहे.

१४. आता भीतीची गोष्ट. मूळ अर्ज आपल्या टेबलावर आहे. आपण तो मंजूर केलात, तर अर्जदार स्वखुशीने गेला नाही, त्यास महामंडळाने काढले, असे होईल, वादी बदलल्याचा हुकूम पायाशीच ढासळेल, ॲड. फाँतनो सवयीने अपील करतील. आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत अर्जदार 'आहे त्या स्थितीत', म्हणजे पुन्हा विद्यार्थी. ते काल आपण होऊन म्हणालेच, "काळजी करू नकोस, त्यांनी काढलं तर मी तुला परत आणीन." त्यांचा हेतू चांगला होता. सोमवारी शाळा मंडळ बसते. मिस्टर ग्रेमियाँ यांनी शिट्टी अर्जदाराच्या आईकडे देऊन ठेवली आहे.

अर्ज मागे घेता येईल काय, अशी चौकशी काल गाडीतळावरच आपल्या वकीलबाईंकडे केली असता, अर्ज फक्त विद्यार्थ्यास मागे घेता येतो, असे सांगण्यात आले. अर्जदार आता विद्यार्थी नाही. हे वाक्य लिहिताना त्याला जो आनंद होत आहे तो सरकारी कागदात बसत नाही, म्हणून येथेच थांबवितो.

सबब विनंती की अर्जदाराचा बुधवारचा अर्ज, त्यातील प्रत्येक शब्द खरा असला तरी, फेटाळण्यात यावा. कारण कोणतेही चालेल. फेटाळण्यास उशीर झाल्यास हरकत नाही. मंजूर करण्यास मात्र घाई करू नये.

आपल्या खुर्चीला दीर्घायुष्य चिंतिणारा,
एल्फेज आल्सिड आर्सेनो
माजी विद्यार्थी
लाक रोंद, निरोपाच्या दुसऱ्या दिवशी, रविवार.

सोबत : (१) वादी बदलल्याचा हुकूम, डागासह. (२) नाव कमी केल्याचा कागद. टोपीच्या शिवणीमुळे सही वाकडी आली आहे. (३) अर्जदाराने अर्जदारास लिहिलेल्या माफीपत्राची पोच. माफी स्वीकारली आहे.